एकाच गुन्ह्याला दोन कोर्टं कशी?

प्रश्न : मुलगा मिनेसोटात जॉबला आहे, व्हिसावर. त्याला कोर्टाचं ज्यूरी ड्युटीचं, म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळात बसायचं, पत्र आलंय आणि आम्ही सगळेच जरा टेन्शनमध्ये आहोत. दुसरं म्हणजे तिथल्याच जॉर्ज फ्लॉइड प्रकरणात (पोलिसाच्या हातून मारला गेलेला तो कृष्णवर्णीय माणूस) त्या पोलिसाला दोन वेगवेगळ्या कोर्टांनी शिक्षा दिली असं वाचलं. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा चालते का तिकडे? सुप्रीम कोर्ट मध्ये पडलं नाही?

उत्तर : चालते, कारण अमेरिकेत कोर्टाची एक नाही, दोन यंत्रणा शेजारी शेजारी चालतात. आपल्याकडे खालपासून दिल्लीपर्यंत एकच शिडी, तिकडे प्रत्येक राज्याची स्वतःची कोर्टं, स्वतःचा फौजदारी कायदा, आणि फेडरल म्हणजे केंद्राची कोर्टं वेगळी. खून, चोरी, घटस्फोट, भाडेकरूची भांडणं, बहुतेक सगळं राज्याच्याच कोर्टात जातं. केंद्राकडे येतात ते केंद्राच्या कायद्याचे मामले.

आता त्या पोलिसाचं, डेरेक शॉविनचंच बघा. मिनियापोलिसमध्ये राज्याच्या कोर्टात खुनाचा खटला चालला, एप्रिल २०२१ मध्ये १२ जणांच्या ज्यूरीने एकमताने दोषी ठरवलं. ज्यूरीचं काम तिथे संपलं, साडेबावीस वर्षांची शिक्षा जजने नंतर जूनमध्ये सुनावली. केंद्र सरकारने वेगळा खटला भरला होता तो नागरी हक्क तुडवल्याचा, त्यात त्याने गुन्हा कबूल केला, म्हणजे खटला चाललाच नाही, आणि २०२२ मध्ये २१ वर्षं लागली. (हे कबुलीचं प्रकरण तिकडे अपवाद नाही हं, नव्वद टक्क्यांहून जास्त शिक्षा अशा कबुलीतूनच होतात, सिनेमात दिसतो तसा ज्यूरीपुढचा ड्रामा फार थोड्या केसेसमध्ये.) दोन्ही शिक्षा एकदमच भोगायच्या आहेत, एक संपल्यावर दुसरी असं नाही. आणि राष्ट्राध्यक्षांनी उद्या माफी दिली तरी ती फक्त केंद्राच्या शिक्षेला लागू, मिनेसोटाची तशीच राहणार.

दोनदा शिक्षेवर बंदी त्यांच्या घटनेतही आहे, पण राज्य आणि केंद्र ही दोन स्वतंत्र सार्वभौम सत्ता, म्हणून दोघांचे गुन्हेही वेगळे असं तिथलं सुप्रीम कोर्ट मानतं, २०१९ मध्ये गॅम्बल नावाच्या केसमध्ये परत तेच सांगितलं. मला स्वतःला हा युक्तिवाद थोडा ताणलेला वाटतो, पण कायदा आज तोच आहे.

आणि सुप्रीम कोर्ट मध्ये पडेलच असं नसतं. शॉविनचं अपील आधी राज्याच्या अपील कोर्टात फेटाळलं, मग मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टाने ऐकायलाच नकार दिला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या, सुप्रीम कोर्टानेही तेच केलं. तिथे ९ पैकी किमान ४ न्यायमूर्तींना वाटलं तरच केस सुनावणीला येते, वर्षाला हजारो अर्जांतून साठ-सत्तर. नकार दिला म्हणजे खालचा निकाल बरोबर ठरवला असंही नाही, फक्त हात घातला नाही.

मुलाचं टेन्शन सोडा. ज्यूरीत फक्त अमेरिकन नागरिक बसू शकतात, पण नावं ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही उचलतात त्यामुळे व्हिसावाल्यांना अशी पत्रं सर्रास येतात. पत्राबरोबरच्या फॉर्मवर किंवा ऑनलाइन ‘नागरिक आहात का’ याला ‘नाही’ असं खरं उत्तर भरायचं आणि मुदतीत पाठवायचं, बस. फक्त पत्र ड्रॉवरमध्ये टाकून विसरायचं नाही, आणि चुकूनसुद्धा ‘हो’वर टिक करायची नाही, नागरिक असल्याचा खोटा दावा पुढे ग्रीन कार्डच्या वेळी फार महागात पडतो.