मुलाला मराठी समजते, मग तो बोलत का नाही?

प्रश्न: आमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. आम्ही दोघेही घरात त्याच्याशी मराठीच बोलतो. त्याला सगळे समजते, पण उत्तर तो बहुधा इंग्रजीत देतो, आणि मराठी बोललाच तर ‘मी करलं’, ‘आजीला सांगलं’ असे चुकीचे बोलतो. शाळेतल्या बाईंनी ‘सध्या एकच भाषा ठेवा, नाहीतर त्याचा गोंधळ होईल’ असे सुचवले आहे. घरात आठ महिन्यांची मुलगीही आहे. तिच्या कानावर मराठी पडावे म्हणून आम्ही मराठी गाण्यांचे व्हिडिओ लावून ठेवतो. आमचे काही चुकते आहे का?

उत्तर: ‘करलं’पासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत आशादायक गोष्ट तीच आहे आणि तुम्ही मात्र ती तक्रार म्हणून लिहिली आहे. तुमच्या घरात कोणी ‘करलं’ म्हणत नाही, म्हणजे हा शब्द त्याने कोणाकडून उचललेला नाही. ‘धरलं’, ‘भरलं’, ‘पडलं’ ही रूपे ऐकता ऐकता भूतकाळ कसा होतो याचा नियम त्याने स्वतःच काढला आणि तो ‘कर’ला लावून पाहिला. ‘धर’चे ‘धरलं’ होते, तर ‘कर’चे ‘करलं’ का होऊ नये? या प्रश्नाला ‘आपण तसे म्हणत नाही’ यापलीकडे तुमच्याकडेही उत्तर नसेल. जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ असल्याचे सांगितले आणि असे दोन प्राणी असतील तर काय म्हणाल, असे विचारले. जो शब्द त्या मुलांनी आयुष्यात कधी ऐकलेला नव्हता, त्याचे इंग्रजी अनेकवचन बहुतेकांनी बिनचूक केले. तुमचा मुलगा तेच मराठीत करतो आहे.

मूल भाषा कशी शिकते यावरचा मोठा वाद याच मुद्द्याभोवती फिरत आला आहे. मूल अनुकरण करते, बरोबर बोलल्यावर त्याला प्रतिसाद मिळतो आणि त्यातून सवय जडते, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५७ साली केली. दोनच वर्षांनी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी तिच्यावर कठोर टीका केली: कानावर पडते त्यापेक्षा मुलाला कितीतरी अधिक येते, तेव्हा भाषेची काही जडणघडण ते जन्मतःच घेऊन येत असले पाहिजे. पुढे मायकेल टोमासेलो यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिसरी बाजू मांडली. समोरच्या माणसाला काय म्हणायचे आहे हे ओळखण्याची आणि ऐकलेल्यातून नमुने वेचण्याची मुलाची शक्ती मोठी असते, आणि व्याकरण त्या वापरातूनच हळूहळू घडते, असे ते म्हणतात. माझा कल या तिसऱ्या बाजूकडे आहे, आणि त्याचे एक कारण मराठीतच आहे. इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द, आपल्याकडे मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन. ‘आम्ही बागेत जातोय’ म्हटले की ऐकणारे मूल घरी राहणार असते आणि ‘आपण बागेत जातोय’ म्हटले की ते बूट शोधायला धावते. हा फरक मुलाला कोणी समजावून सांगत नाही. कोणत्या शब्दानंतर आपल्याला बरोबर नेतात, यावरून तो कळतो.

वाद मिटण्याची वाट पाहण्याचे मात्र पालकांना कारण नाही. भाषेची क्षमता जन्मजात आहे असे मानले, तरी मराठी जन्मजात नसते. कोरियात जन्मून तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या काही व्यक्तींची मोठेपणी तपासणी झाली (हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला), तेव्हा इतर अनोळखी भाषांच्या वाक्यांतून कोरियन वाक्ये वेगळी ओळखणेही त्यांना जमले नाही. त्यांतली मोठी मुले देश सोडताना कोरियन सहज बोलत असणार. वापर पूर्णपणे थांबला की पहिली भाषासुद्धा इतकी मागे पडू शकते.

आता तुमचा मूळ प्रश्न. ऐकताना संदर्भ, हातवारे आणि ओळखीचे चार शब्द यांवर मुलाचे भागते. बोलताना मात्र लिंग, वचन, प्रत्यय सगळे स्वतःच जुळवावे लागते. हे कष्ट ते गरज असेल तरच घेते, आणि तुमच्या घरात ती गरज त्याला वाटत नाही, कारण त्याच्या इंग्रजीला तुमच्याकडून लगेच उत्तर मिळते. हा अनुभव तुमच्या एकट्याचा नाही. आनिक दे हौवर यांनी बेल्जियमच्या डच भाषक भागातील १,८९९ द्विभाषक कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश मुले घरातली डचखेरीजची भाषा बोलत नसल्याचे दिसले. आईवडील दोघेही ती भाषा बोलत होते, तिथे चित्र पुष्कळ बरे होते. म्हणजे तुमच्या हाती अर्धे काम आधीच झालेले आहे.

उरलेल्या अर्ध्यासाठी नॉर्वेतील इंग्रजी-नॉर्वेजियन मुलांवरचे एलिझाबेथ लान्झा यांचे काम मला सर्वांत उपयोगी वाटते. मूल दुसऱ्या भाषेत बोलले की आईवडील काय करतात, याच्या त्यांनी पायऱ्या मांडल्या. एका टोकाला ‘मला कळले नाही’ असे म्हणणे आणि दुसऱ्या टोकाला स्वतःच मुलाच्या भाषेकडे वळणे. साडेचार वर्षांच्या मुलाला तुम्हाला इंग्रजी येते हे पक्के ठाऊक असते, त्यामुळे न कळल्याचे सोंग करू नका; त्याला ते अपमानास्पद वाटते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. मधली पायरी धरा. तो इंग्रजीत ‘मला ते निळे हवे’ म्हणाला, तर ‘निळा चेंडू हवा की निळी गाडी?’ असे विचारा. उत्तराला लागणारे शब्द त्याच्या पुढ्यात येतात, ‘निळा’ आणि ‘निळी’ यांतला फरकही कानावर पडतो, आणि गाडी मिळायला उशीर होत नाही. ‘किती मजा आली ना?’ अशा प्रश्नांचे काम मान हलवून भागते, म्हणून ते कमी करा. चुकीच्या रूपासाठी बोलणे थांबवू नका: ‘आजीला सांगलं’ला ‘आजीला सांगितलंस? मग ती काय म्हणाली?’ एवढे पुरे. ‘सांगलं नाही, सांगितलं म्हण’ असा धडा दिला, तर त्याची गोष्ट तिथेच संपते आणि पुढच्या वेळी तो ती इंग्रजीत सांगतो.

शाळेतल्या बाईंचा हेतू चांगला असेल, पण त्या सल्ल्याला संशोधनाचा आधार नाही. द्विभाषक मुले एका वाक्यात दोन भाषा मिसळतात, ते भाषा वेगळ्या कळत नाहीत म्हणून नव्हे. जो शब्द हाताशी असतो तो ती वापरतात, जसे आपण मोठेही दिवसभर करतो. दोन भाषांमुळे वाचादोष जडत नाही. शब्द मोजायचे झाले तर दोन्ही भाषांचे मिळून मोजावेत. एकाच भाषेचे मोजून मूल मागे असल्याचा निष्कर्ष काढणे ही नेहमीची चूक आहे. वर्षाचे झाले तरी मूल बडबडत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल किंवा आलेले शब्द हरवू लागले असतील, तर वाचातज्ज्ञांकडे जरूर जा. तरीही मराठी सोडू नका.

मुलीच्या बाबतीत मात्र एक बदल लगेच करा. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवून दिले, की इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’ या ध्वनींतला फरक ओळखतात, आणि दहा ते बारा महिन्यांपर्यंत त्यांतल्या बहुतेकांची ती ओळख पुसट होते. तुमची मुलगी नेमकी या दोहोंच्या मध्ये आहे. पण त्यासाठी व्हिडिओ कामाचे नाहीत. २००३ साली पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांत मँडरिन ही चिनी भाषा ऐकवली. समोर माणूस बसून खेळत बोलत होता त्या बाळांना तिचे ध्वनी ओळखता येऊ लागले; तेच बोलणे पडद्यावर पाहिलेली बाळे मँडरिन न ऐकलेल्या बाळांइतकीच राहिली. तेव्हा व्हिडिओ बंद करा आणि तिचे कपडे बदलताना तुम्ही जे काही करता आहात तेच तिला सांगत राहा.

आणखी एक. शाळेत जाणारे मोठे भावंड बाहेरची भाषा घरात आणते, म्हणून तिची मराठी काही अंशी तुमच्या मुलावर अवलंबून राहील. तिच्या देखत त्याला ‘मराठीत बोल’ असे बजावू नका. तिला अजून इंग्रजी येत नाही, मराठीही येत नाही. तिच्यासमोर त्याची चूक काढणारे कोणी नसते. तो तिच्याशी एकटा असताना कोणत्या भाषेत बोलतो, ते आठवडाभर मध्ये न पडता ऐका आणि मला पुन्हा लिहा.