वाइन घेताना दुकानदाराला काय विचाराल

आधी किंमत नको, बाटली कुठे ठेवली होती ते विचारा. एप्रिल-मेच्या उकाड्यात मालवण-रत्नागिरीकडे पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेली वाइन बिघडते. ताजं फळ जाऊन शिजवलेल्या मुरंब्याची चव येते. बाटली हातात घेऊन बघा. बूच तोंडाच्या वर आलंय किंवा आवरणाखाली चिकट ओघळ आहे, तर घेऊच नका. उष्णतेने वाइन फुगते आणि बूच वर ढकलते. फिरकीच्या झाकणावर हे दिसत नाही, तिथे लेबलवरचं वर्ष तपासा. नाशिकची साधी शेनिन ब्लां (या द्राक्षाची पांढरी वाइन) शक्यतो दोन वर्षांच्या आतली घ्या. बांगड्याच्या तिखल्याला हीच, 8 ते 10 अंशांवर गार करून. 14 टक्के अल्कोहोलची रेड घेतलीत तर तिखटाची आग वाढते, शिवाय रेडमधल्या लोहामुळे माशाचा वास तोंडात उग्र होतो.