आयरिश पबला मराठीत काय म्हणायचं?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात शिकायला गेलाय, फोनवर म्हणाला की रविवारी रूममेटच्या घरच्यांबरोबर पबमध्ये जेवलो, त्याची आजी होती, लहान भाचरं पण होती. सासूबाईंनी ते ऐकलं आणि तेव्हापासून त्या काळजीत आहेत. ताई विचारतायत की पबला मराठीत नेमका शब्द कोणता, गुत्ता, बार की मद्यालय, म्हणजे सासूबाईंना नीट समजावता येईल.

ताई, तिन्ही शब्द नकोत. त्याने काळजी वाढेल आणि अर्थही चुकेल.

घोळ असा आहे की पब हा शब्द आपल्याकडे पुण्या-मुंबईमार्गे आला तो अंधार, डीजे, दारात उभे बाउन्सर आणि रात्रीचा दीड एवढं सगळं बरोबर घेऊनच आला. हॉटेलचं पण असंच झालं ना, मूळ शब्द मुक्कामाच्या जागेचा पण आपण मिसळ खायला हॉटेलात जातो. तर आयर्लंडमधला पब समजून घ्यायचा तर आपला अर्थ जरा बाजूला ठेवावा लागतो. पब म्हणजे पब्लिक हाउस, एकोणिसाव्या शतकात त्याचं तुटून पब झालं. त्यातलं हाउस फार महत्त्वाचं, कारण अनेक ठिकाणी ते खरंच घर असायचं, पुढच्या खोलीत धंदा आणि मागे नाहीतर वर मालकाचं बिऱ्हाड. आयरिश भाषेत पबला 'त्याख तावर्न्या' म्हणतात, त्यातलं त्याख म्हणजे सुद्धा घरच. आणि तावर्न्या हा लॅटिन 'ताबेर्ना'वरून आलाय, म्हणजे दुकान, झोपडी. गोव्यातल्या लोकांना हा ओळखीचा वाटेल कारण पोर्तुगीजांबरोबर हाच लॅटिन शब्द तिकडे येऊन तावेर्न झाला. एकच मूळ, एक फांदी अटलांटिकच्या काठाला आणि एक मांडवीच्या, मला हे फार आवडतं.

आता गुत्ता. हा शब्द मुळात दारूचा नाहीच. गुत्ता म्हणजे ठेका, मक्ता. मराठवाड्यात आजही रस्त्याचं काम घेणाऱ्याला गुत्तेदार म्हणतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दारू विकायचा सरकारी मक्ता ज्याच्याकडे त्याची जागा तो गुत्ता, असं होत होत शब्दाला वास लागला. परमिट रूम पण कायद्यातूनच जन्मलेला शब्द, १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने प्यायला परमिट लागायला लागलं आणि पाटीवर तेच आलं. म्हणजे आपले दोन्ही शब्द सरकारी परवानगीतून आलेत, त्यांच्यात घर कुठेच नाही. म्हणूनच ते पबला लावले की कानाला खटकतात.

तिकडे परवाना नव्हता असं नाही हां, पण परवान्यासकट पब गावच्या संसारात मिसळला. १८७२ च्या कायद्याने परवानेवाल्याचं नाव दारावर लावणं आलं म्हणून तिथले पब बऱ्याचदा आडनावांनी ओळखले जातात. खेड्यात तोच माणूस किराणा विकायचा, चहा साखर एका काउंटरला आणि बिअरचा पिंट (मोठा ग्लास) दुसऱ्या. डिंगल गावात फॉक्सी जॉन्स नावाचा पब आहे तिथे अजून एका बाजूला खिळे, हातोड्या, हार्डवेअरचं सामान असतं. आणि सगळ्यात विलक्षण म्हणजे १८४६ च्या कायद्यानुसार अपघातात वगैरे कुणी गेलं तर चौकशी होईपर्यंत मृतदेह जवळच्या पबमध्ये ठेवायचा, कारण तळघर थंड असायचं. हे कलम १९६२ पर्यंत होतं. पब चालवणारा आणि अंत्यविधीची व्यवस्था बघणारा एकच, असं काही गावांत दिसतं त्याचं मूळ यात आहे. जन्माच्या आनंदापासून मयतीपर्यंत सगळं ज्या जागी होतं तिला मद्यालय कसं म्हणणार?

जेवणाचं सांगायचं तर जुन्या पबमध्ये जेवण फारसं नसायचंच, फार तर हॅम-चीजचं टोस्टेड सँडविच नाहीतर टेटोचं पाकीट (हे चीज-अनियन वेफर्स १९५४ पासूनचे, पाकीट उभं फाडून टेबलावर पसरायचं आणि सगळ्यांनी त्यातून घ्यायचं). अजूनही काही चांगले पब मुद्दाम स्वयंपाकघर ठेवत नाहीत. पण आता बऱ्याच ठिकाणी दुपारी सूप आणि ब्राउन ब्रेड, समुद्रकाठी मासे घातलेलं दाट चाउडर, आणि रविवारी कार्व्हरी असते, म्हणजे भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा समोर कापून वाढतात, सोबत दोन-तीन प्रकारचे बटाटे आणि वरून ग्रेव्ही. ताईंचा मुलगा बहुतेक हेच जेवला असणार. ब्राउन ब्रेडमध्ये यीस्ट नसतं, खायचा सोडा आणि ताक, कारण तिथल्या मऊ गव्हाला यीस्टचा पाव नीट येत नाही.

डब्लिनचं कॉडल मात्र वेगळं प्रकरण आहे. सॉसेज, बेकनचे तुकडे, कांदा आणि बटाटा, सगळं पाण्यात मंद आचेवर तासन् तास. काही परतायचं नाही, लाल करायचं नाही, त्यामुळे सॉसेज फिकट गुलाबी राहतात आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला ते कच्चे वाटतात. पण बटाटा विरघळून रस्सा दाट झालेला असतो, वर मिरपूड आणि पार्स्ली, बाजूला पाव. डब्लिनमधल्याच ग्लासनेव्हिनच्या स्मशानभूमीला लागून १८३३ पासूनचा कॅव्हानाचा पब आहे, लोक त्याला ग्रेव्हडिगर्स म्हणतात, कॉडलसाठी तो प्रसिद्ध आहे. तिथे टीव्ही नाही, संगीत नाही, फक्त बोलणं. आपल्या डोक्यातल्या पबच्या बरोब्बर उलट!

मुलांबद्दल पण सांगते, सासूबाईंना हे नक्की सांगा. तिथल्या कायद्याने लहान मुलं पालकांबरोबर रात्री ९ पर्यंत पबमध्ये बसू शकतात, मे ते सप्टेंबर १० पर्यंत. आणि २९ मार्च २००४ पासून आत सिगरेट पूर्ण बंद, देशभर असं करणारा आयर्लंड पहिलाच.

मग शब्द कोणता? माझं स्पष्ट मत, पब हाच ठेवा. खानावळ जेवणाच्या बाजूने जवळ जातो, पण खानावळीत माणूस जेवला की उठतो, पबमध्ये जेवल्यावर बसतो. सासूबाईंशी बोलताना "तिथला पब, म्हणजे गावाची बैठक, जेवण मिळतं आणि ज्याला हवं तो पितो" एवढं पुरे.

गुत्ता शब्द वाया जाऊ नये असं वाटत असेल तर त्याला आयरिश जोडीदार आहे, शिबीन. विनापरवाना दारूचा अड्डा. हा आयरिश शब्द थेट दक्षिण आफ्रिकेच्या वस्त्यांपर्यंत पोचला आणि तिथे रुळला. अर्थात शिबीनला परवाना नसतो आणि गुत्त्याला असायचा, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर हातभट्टीचा अड्डा जास्त जवळचा.

आणि ताईंनी शेवटी विचारलंय, तो पब की ते पब? तो पब, बारसारखंच पुल्लिंगी. 'पबात' म्हटलं तरी व्याकरणाने बरोबर आहे, 'पबमध्ये' जास्त ऐकू येतं, मला स्वतःला 'पबात' आवडतं.