गोव्यात लग्नाच्या बँडमध्ये अकॉर्डियन वाजवतो, कुठला माईक घेऊ?

लॉनवर, मागे ड्रम आणि ट्रम्पेट असतील तर अकॉर्डियनलाच बसणारे छोटे कंडेन्सर माईक घ्या. स्टँडवरचा माईक तिथे ड्रमच जास्त उचलतो, आणि तुम्ही जरा वळलात की आवाज गायब.

उजव्या जाळीवर एकच माईक टोकाला लावला तर त्या टोकाचेच सूर मोठे येतात, म्हणून तिथे दोन हवेत, थोडं अंतर ठेवून. डावीकडे बेससाठी एक पुरे. पण ती बाजू भात्याबरोबर सतत हलते, तेव्हा भाता पूर्ण उघडला तरी ताण येणार नाही इतकी वायर सैल सोडा. माझी एकदा ऐन मांडोत निसटली. अर्धं गाणं बेसशिवाय गेलं, अजून जिवाला लागतं.

कंडेन्सरला सहसा मिक्सरवरून ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माईकच्या वायरीतूनच येणारी वीज, लागते. साउंडवाल्याला आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

देवळाच्या सभामंडपात शांत बैठक असेल तर मात्र स्टँडवर शुअर एसएम ५७, जाळीपासून वीतभर लांब. आणि पावसाळ्यात माईक बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. इथल्या दमट हवेत कंडेन्सर करकरायला लागतो.