तेलात फुटणारा एम्पानाडा आणि आपली मुरड

प्रश्न (गुहागरहून एक वाचक): ताई, आमचा इथे छोटा होमस्टे आहे. मुलीने मोबाईलवर बघून इंडियन-मेक्सिकन एम्पानाडा करायचं काढलं, मैद्याची पारी, आत राजमा, टोमॅटो, मक्याचे दाणे, चीज आणि आपला गरम मसाला. चार तळले त्यातले तीन कढईतच फुटले, जो वाचला तो खाल्ला तर सरळ समोसाच लागला. मग मक्याच्या पिठाची पारी केली तर ती लाटताच येईना, नुसते तुकडे. पावसाळ्यात पाहुण्यांना गरम गरम द्यायचा विचार आहे. ओव्हन आहे पण लाईटचा भरवसा तुम्हाला माहितीच आहे. काय चुकतंय?

उत्तर: ताई, तुमच्या घरी दिवाळीला करंज्या होतात ना? त्या फुटतात का? नाही ना, कारण त्यातलं सारण कोरडं आणि गार असतं. एम्पानाडा म्हणजे करंजीच हो, अर्धचंद्र, आत सारण, कडेला मुरड. स्पॅनिश लोकांनी तो मेक्सिकोत नेला. कड दुमडायची त्यांचीही पद्धत आपल्या मुरडीच्या करंजीसारखीच. त्यामुळे मुलीला सांगा, व्हिडिओ बंद कर आणि आजीला हाक मार.

फुटतो तो वाफेने. टोमॅटोचं पाणी, राजम्याचं पाणी, वर चीज, ते वितळून उकळतं आणि फट शोधतं. माझाही पहिला घाणा असाच गेलाय, घाईत गरम सारण भरलं, तेल असं उडालं की कढईपासून लांब उभं राहून झाऱ्याने एकेक काढावा लागला आणि आमच्या सासूबाई ओट्याजवळ उभ्या राहून काहीच बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हा सारण कढईत इतकं परता की उलथन्याने मधोमध रेघ ओढली तर त्या रेघेत पाणी उतरता कामा नये. मग ताटात पसरून पूर्ण गार. पारीत दीड चमचाच भरायचं, आतली हवा बोटांनी दाबून काढायची, कडेला पाण्याचं बोट आणि मुरड. नुसतं कातण फिरवून भागत नाही, तिखट सारणाला मुरडच हवी. तळायच्या एम्पानाड्याला टोचे मारू नका, तेल आत जातं. टोचे फक्त ओव्हनवाल्याला.

पारीसाठी 2 वाट्या मैदा, 4 टेबलस्पून कडकडीत मोहन, मीठ, घट्ट मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली. मध्यम आचेवर सावकाश तळा. लाईट असेल त्या दिवशी बेक करा, मग मोहनाऐवजी 100 ग्रॅम थंड बटर चोळायचं आणि 200 डिग्रीवर 20-25 मिनिटं.

आता मक्याचं. तिकडे मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, धुतात आणि मग वाटतात, म्हणून त्यांचं पीठ चिकट होऊन एकत्र राहतं. आपल्याकडचं पिवळं पीठ नुसता कोरडा मका दळलेला, ते तुटणारच. (आणि कॉर्नफ्लोअर म्हणून जी पांढरी पावडर मिळते ती तर निव्वळ स्टार्च, तिची पारी होत नाही.) पानाचा चुना घालून घरी प्रयोग करू नका, प्रमाण चुकलं तर तोंड भाजेल. त्यापेक्षा उकड काढा! मोदकाची काढतो तशीच, 1 वाटी पाणी, चमचाभर तेल, मीठ, उकळी आली की पाऊण वाटी मक्याचं पीठ आणि पाव वाटी तांदळाची पिठी, झाकण, एक वाफ, गरम असतानाच तेलाच्या हाताने मळायचं. लाटायचं नाही, दुधाची पिशवी धुऊन कापायची आणि तिच्या दोन थरांत गोळा ठेवून ताटलीने दाबायचा. तिकडच्या बायकाही प्लास्टिकमध्येच दाबतात.

समोसा का लागला? गरम मसाल्यामुळे. लवंग-दालचिनी आली की बाकी काही ऐकू येत नाही. खरं तर वेगळं काही आणायचीच गरज नाही, मिरची, टोमॅटो, मका हे सगळं अमेरिका खंडातूनच इकडे आलंय, मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून. कोथिंबीर आणि जिरं स्पॅनिश लोकांनी तिकडे नेलं. डबा तोच आहे, फक्त वापरायची रीत बदला.

जून-जुलैत मच्छीमारी बंद, तर घरातले सोडे (सुकवलेली कोळंबी) काढा. मेक्सिकोचं वेराक्रूझ हे समुद्रकाठचं राज्य, तिथे मासा शिजवून कुस्करतात, टोमॅटो, ऑलिव्ह आणि मिरचीत परततात आणि एम्पानाड्यात भरतात. आपण त्याच वाटेने जायचं. 1 वाटी सोडे कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून बारीक चिरा. 5-6 ब्याडगी बिया काढून तव्यावर जराशा गरम करा (काळ्या झाल्या की कडू), गरम पाण्यात भिजवून 4 लसूण पाकळ्यांबरोबर वाटा. 2 टोमॅटो तव्यावर साल काळी पडेपर्यंत भाजा, हे भाजणं म्हणजे अर्धा मेक्सिको. तेलात 2 कांदे, मग वाटण तेल सुटेपर्यंत, टोमॅटो, सोडे, चिमूटभर जिरं, पाव चमचा ओवा. ऑलिव्हच्या जागी खारातली कैरी बारीक चिरून, मग मीठ चाखूनच घाला. ओलं खोबरं अजिबात नको, पाणी सोडतं. शेवटी करवंटीचा निखारा वाटीत ठेवून वर तेलाचा थेंब आणि दोन मिनिटं झाकण. चिपोट्ले म्हणजे धुरावलेली मिरचीच, तो वास असा येतो.

बरोबर चिंचेची चटणी द्या, चिंच तिकडेही आवडीने खातात. नाहीतर कैरी-कांदा-हिरवी मिरची-कोथिंबीर-लिंबू, त्यांच्याकडे अशाच टोमॅटोच्या कोशिंबिरीला पिको दे गायो म्हणतात.

प्रश्न (वेंगुर्ल्याहून): आमच्याकडे श्रावणात मासळी चालत नाही, कांदा-लसूणही नाही. मग एम्पानाड्यात काय भरू? आणि असली सरमिसळ बरी दिसते का?

उत्तर: चवळी शिजवून, पाणी पूर्ण निथळून, तुपात ठेचत कोरडी होईपर्यंत परता, तिकडे बीन्स अशाच परततात. ब्याडगीचं वाटण (वरचंच, पण लसूण न घालता), भाजका टोमॅटो, जिरं, चुरलेलं पनीर. ओले काजू साठवलेले असतील तर थोडे घाला, सोनं होईल. सरमिसळीचं म्हणाल तर मेक्सिकोच्या इदाल्गो राज्यात 1820 च्या दशकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून खाणकामगार आले, त्यांच्या डब्यातली पेस्टी तिथे राहिली, आत मेक्सिकन मिरची गेली, आज तिला पास्ते म्हणतात आणि गावाला तिचा अभिमान आहे. तुम्ही बिनधास्त करा, फक्त चवळी खरंच निथळा हो.