आजीनं भाकरी का लपवली

चिमणे,

फ्रीजवर लावलेली तुझी चिठ्ठी सकाळी रात्रपाळीवरून आल्यावर वाचली. ‘आजीनं तिची भाकरी का लपवली? ती हेल्दी असते ना?’ तोंडी विचारलं असतंस तर ‘मोठी झालीस की कळेल’ म्हणून मी सुटले असते. आता लिहूनच विचारलंयस म्हटल्यावर लिहूनच सांगते. तुला वाचायला दोन दिवस लागतील, लागू देत. अडलेले शब्द बाबांना विचार. मला विचारशील तर मी आणखी दोन पानं वाढवीन.

तो दिवस मलाही आठवतो. आपण २०२४ च्या नाताळच्या सुट्टीत आजीकडं गावी गेलो होतो आणि ३० डिसेंबरला येळवस होती, म्हणजे वेळ अमावस्या, रानात जाऊन पूजा करून जेवायचा सण. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, केली होती, तू आंबिल पिऊन पांढऱ्या मिशा काढल्या होत्यास, भज्जी तीनदा मागून घेतली होतीस. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून आजी पानावर बसवत होती. आंबिल ज्वारीचं, उंडे ज्वारी-बाजरीचे, आणि वाढताना आजीची मान कशी ताठ होती बघ. दुसऱ्या दिवशी लातूरहून माझा मावसभाऊ आणि वहिनी गाडी घेऊन आले. आजीनं पहाटेच कणीक मळून पोळ्या केल्या, तालुक्याहून श्रीखंडाचा डबा मागवला. स्वतःसाठी मात्र सकाळची एक भाकरी आणि ठेचा काढून ठेवला होता. वहिनी स्वयंपाकघरात आल्या तशी ती भाकरी तिनं हळूच परातीखाली सारली. तेवढंच तू पाहिलंस. मी पोळी शेकत होते, मीही पाहिलं.

गंमत पुढे आहे. वहिनी काय म्हणाल्या? ‘मावशी, आमच्याकडं आता भाकरीच असते. ह्यांची शुगर वाढली, डॉक्टरांनी गहू कमी करायला सांगितलाय. पण भाकरी करणारी बाई मिळंना हो.’ एवढं ऐकूनही आजीनं परात उचलली नाही. त्या गेल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, ‘पाव्हन्याला भाकरी वाढायची व्हय? लोक काय म्हनतेल!’

म्हणजे वहिनींनी खाल्ली तर ते पथ्य, आणि आजीनं खाल्ली तर घरात गहू नाही. भाकरी तीच, एकाच रानातली.

आजीच्या डोक्यात गहू आणि ज्वारी यांच्या मधे १९७२ साल उभं आहे. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. सलग पाऊस गेला, विहिरी आटल्या, आणि गावंच्या गावं सरकारी कामावर खडी फोडायला गेली. आजी रस्त्याच्या कामावर होती. कामावर खायला सुकडी मिळायची, आणि रेशनला यायची लाल ज्वारी. मिलो म्हणायचे तिला. अमेरिकेतून बोटीनं आलेली. तिथं ही जनावरांना घालतात, असं तेव्हा गावोगाव बोललं जायचं, आणि ते खोटं नव्हतं. आजी अजून सांगते की मिलोची भाकरी थापताना हातातच फुटायची, तव्यावर टाकेस्तोवर तिचे तीन तुकडे. रंग विटकरीसारखा. त्या भाकरीवर ती जगली, आणि त्याच भाकरीनं तिला आपण गरीब आहोत हे शिकवलं. पुढे घरात दोन पोती गहू येऊ लागला तेव्हा तो पाहुण्याच्या ताटात आधी गेला यात नवल नाही.

आता हे ऐक. आपण इथं अमेरिकेत विचिटाहून पश्चिमेला गाडी घेऊन जातो ना, ऑक्टोबरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबूस कणसांची बुटकी पिकं दिसतात. मागच्या वर्षी तू विचारलंस, ‘हा मका आहे का?’ ती ज्वारी आहे, बाळा. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी या आपल्या कॅन्ससमध्येच पिकते, आणि इथले शेतकरी तिला अजूनही मिलोच म्हणतात. मी पहिल्यांदा पेट्रोलपंपावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तोंडून तो शब्द ऐकला तेव्हा हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला. आजीची मिलो नेमकी कुठल्या रानातली होती ते देव जाणे, पण जातकुळी हीच.

त्याच ज्वारीचं पीठ तू परवा दुकानात दाखवलंस. मातकट रंगाचं पाकीट, वर पुरातन धान्य असं लिहिलेलं, आणि ठळक अक्षरांत ग्लुटेन-मुक्त. किलोभरही नाही, आणि सहा डॉलर. ग्लुटेन म्हणजे गव्हाच्या पिठातला तो चिवटपणा, ज्यामुळे पोळी ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत तो नसतो. म्हणून तर बायका उकळत्या पाण्यात पीठ मळतात, काठवटीत तळहातानं रेटून रेटून मऊ करतात. आणि पीठ शिळं झालं की इरी जाते. इरी हा शब्द नीट लक्षात ठेव, त्याला मला इंग्रजी सापडलेलं नाही. पिठातली ती बांधून धरायची ताकद. इरी गेली की कितीही थापा, कडा फाटतात. आजीच्या आयुष्यभराच्या कष्टाचं जे कारण, तेच पाकिटावर गुण म्हणून छापलंय. ज्यांना गहू खरोखरच बाधतो त्यांची सोय झाली, बरंच झालं. पण त्या दुकानात ते पाकीट उचलणाऱ्या सगळ्यांनाच काही गहू बाधत नाही.

किमतीचंही सांगते. आपण गावी गेलो त्या साली, २०२४-२५ मध्ये, आपल्याकडं हायब्रीड ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता. म्हणजे किलोला चौतीस रुपयेही नाहीत, आणि तोही मिळालाच तर. सहा डॉलरचे रुपये तू कर, गणिताचा सराव होईल.

सरकारच्या कागदावर या धान्याचं नाव वर्षानुवर्षं होतं भरड धान्य. भरड म्हणजे जाडंभरडं. २०१८ साली केंद्र सरकारनं ते बदलून पोषक धान्य केलं. मग भारतानं पुढाकार घेतला आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तर त्याचं ‘श्री अन्न’ झालं. मोठ्या हॉटेलांत ज्वारीचे पदार्थ, परिषदांमध्ये बाजरीची बिस्किटं. मी इथून व्हिडिओ बघायचे आणि आजीला फोनवर सांगायचे, तर ती म्हणाली, ‘मग आता भाव देतेल का?’ मी विषय बदलला.

कारण रेशनवर मुख्यतः येतो गहू आणि तांदूळ, माणशी महिन्याला पाच किलो, आणि २०२३ पासून तर फुकट. फुकट मिळतं ते चांगलंच, त्याला नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. उपाशी राहण्याची ज्यांना कधी भीती वाटली नाही त्यांनी रेशनच्या तांदळाची चेष्टा करू नये. पण परिणाम असा झाला की गावात ज्याच्याकडं रान नाही त्याच्या घरी भात आणि पोळी, आणि बाजारातली शाळू, म्हणजे रब्बीची, ज्वारी विकत घेऊन खातात ते लातूरचे डॉक्टर, मास्तर, आपली वहिनी. खरिपातली ज्वारी तर आपल्या भागातून जवळजवळ उठलीच. हायब्रीड ज्वारी यायची, पण काढणीला पाऊस लागला की दाणा काळा पडायचा, त्याला कोण विचारणार? सोयाबीनचे पैसे रोख येतात. मामानं ज्वारी सोडली ती काही आरोग्य कळत नाही म्हणून सोडली नाही. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तसे बैल गेले. परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ नावाची ज्वारी काढली आहे, लोह आणि जस्त जास्त असलेली. मला तिचं फार कौतुक आहे. गावात अंगात रक्त नसलेल्या पोरी मी डोळ्यांनी पाहिल्यात, मी स्वतः त्यातलीच होते. पण त्या पोरीच्या ताटात ती जाणार कशी? तिच्या बापाला तर रेशनचा गहू फुकट मिळतो.

आता माझं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

१९९६ साली मी अकरावीला लातूरला होस्टेलवर होते. मेसचे पैसे परवडत नव्हते, म्हणून डबा गावाहून एसटीनं यायचा. तेव्हा कितीतरी पोरांचे तसेच यायचे. सकाळच्या गाडीला आजी कंडक्टरच्या हवाली करायची, साडेदहाला मी स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायची. फडक्यात बांधलेल्या चार भाकरी, अंबाडीची नाहीतर घोळीची भाजी, जवसाची चटणी. आज इथं जवसाचं पीठ लोक दह्यावर भुरभुरतात, तीच जवस. माझ्या खोलीतल्या दोघी शहरातल्या होत्या. वाईट नव्हत्या. पण फडकं सोडलं की एक जण खिडकी उघडायची. बोलायची काही नाही, नुसती खिडकी उघडायची. महिनाभर मी ते सोसलं. मग मी स्टँडवरून येताना डबा वाटेतल्या गाईपुढं रिकामा करायला लागले आणि खोलीवर पावाबरोबर चहा प्यायला लागले. आजी पहाटे चारला उठून, धुरात डोळे चोळत त्या भाकरी करायची. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत जायचा आणि ती खूश व्हायची, पोरगी पोटभर जेवली म्हणून.

आणि आज मी ऑफिसच्या जेवणाला भाकरी घेऊन जाते, ‘आमच्याकडचं पारंपरिक’ म्हणून. सगळे वा वा करतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

माझी लाज तरी सांगण्यासारखी आहे. गावच्या शाळेत आमच्या वर्गात एक मुलगी होती, वस्तीवरची. ती जेवणाच्या सुट्टीत घरी पळायची, उन्हातान्हात, परत यायला उशीर झाला म्हणून छड्या खायची. डबा का आणत नाही, हे आम्ही कुणी विचारलं नाही, कारण आम्हाला ठाऊक होतं. तिच्या घरी चान्या असायच्या. गुरांच्या मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून साठवलेल्या, टंचाईच्या दिवसांत कामी याव्यात म्हणून. आज जिममधली मुलं तसलंच वाळवलेलं मांस प्रोटीन म्हणून पाकिटातून चघळतात. आपल्या घरात मात्र चान्या या शब्दाला नाक मुरडलं जायचं, आजीसकट. भाकरी लपवणारी आपली आजी त्या घरच्या पाण्यालाही शिवत नव्हती. हे मी तुला सांगितलं नाही तर उत्तर अर्धंच राहील. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल कापायलाही बंदी आली. वस्तीतल्या घरांनी त्यानंतर काय खायचं, याची चर्चा मी तरी आपल्या नातेवाइकांत ऐकली नाही. शाळांमधल्या अंड्याचंही तसंच. २०२३ च्या अखेरीला सरकारनं पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, त्यावर ओरड झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे थांबवले. ओरडणाऱ्यांच्या पोरांना घरी काजू-बदाम होते.

हे सगळं आठवायचं कारण तुझ्या चिठ्ठीत नाही, गेल्या गुरुवारच्या तुझ्या एका वाक्यात आहे. तुझ्या वर्गातल्या त्या मैत्रिणीच्या डब्यात रोज चिप्स आणि शाळेचा फुकटचा पिझ्झा असतो, आणि तू म्हणालीस, ‘त्यांच्या घरात कुणाला हेल्दी खाणं कळतच नाही.’ मी तेव्हा भांडी घासत होते, गप्प राहिले. चिमणे, मी काम करते तिथं तिची आई रात्री आमच्याच मजल्यावर साफसफाईला असते. माझी पाळी संपते तेव्हा तिचीही संपते, पण मी गाडीत बसून घरी येते आणि ती बस बदलून दुसऱ्या कामाला जाते. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंचा, काय खावं ते सांगणारा कागद तिनंही वाचलाय. भिंतीवर तोच पुसते ती रोज. पालक चांगला असतो हे तिला ठाऊक आहे. तो चिरायला घरात कुणी नसतं.

तू खिडकी उघडली नाहीस, हे मला माहीत आहे. पण तुझं ते वाक्य ऐकताना मला खिडकीची कडी वाजल्यासारखी वाटली.

रविवारी ते सहा डॉलरचं पाकीट आणू आणि भाकरी करून बघू. पीठ कधीचं दळलेलं असेल कुणास ठाऊक, इरी गेलेलीच असणार, तुकडे होतील. आजीला व्हिडिओ कॉल लाव, ती हसेल आणि पाणी किती तापवायचं ते सांगेल. मैत्रिणीला बोलवायचं असेल तर बोलाव. तिचे चिप्सही ताटात ठेवू, ठेच्याबरोबर ते बरे लागतात.

फक्त हे पत्र आजीला वाचून दाखवू नकोस. एसटीच्या डब्याचं तिला अजून ठाऊक नाही.

तुझी,
आई