थंडीला दोष देऊ नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

'हिमाद्री'वर, म्हणजे आर्क्टिकमधल्या आपल्या संशोधन केंद्रावर, जायचं पक्कं झालं, छान. थर्मल कपड्यांची यादी मिळेलच तुला. मी गाळाबद्दल लिहितो.

तिथल्या कोंग्सफियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या, आतल्या टोकाला, क्रोनेब्रीन हिमनदीसमोर ग्रॅब (तळाचा गाळ उचलणारा लोखंडी जबडा) टाकशील तेव्हा पिठासारखा मऊ गाळ वर येईल. चाळून बघावं तर चिमूटभर बारीक शिंपल्या आणि थोडे पॉलिकीट, म्हणजे समुद्री किडे. तोच ग्रॅब समुद्राकडच्या तोंडाशी टाकला, की नळ्या बांधून राहणारे किडे, ब्रिटल स्टार (लांब, सडपातळ हातांचे तारामाशासारखे जीव), काय काय निघतं. यावर नवखा माणूस हमखास लिहितो, 'थंडीमुळे जीव कमी.' अगं, ७९ अंश उत्तरेला थंडी दोन्हीकडे आहे! फरक गाळाचा. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी खडकाचं पीठ घेऊन उतरतं आणि तिथला समुद्र तांबूस होतो, आपली मांडवी जुलैत होते तसा. वरून सतत माती पडत राहिली, की एका जागी बसणारा गाडला जातो, पाणी गाळून खाणाऱ्याची गाळणी तुंबते. टिकतात ते छोटे, हलते-फिरते. त्यात गढूळ पाण्यात उजेड शिरत नाही, म्हणजे वरून अन्नही कमीच.

म्हणून चाळायच्या आधी प्रत्येक ग्रॅबमधला थोडा गाळ कणांचा आकार आणि सेंद्रिय कार्बन मोजायला वेगळा काढ. हे राहिलं तर नुसती किड्यांची यादी हातात उरते.

कधी हिमनगातून सुटलेला दगड ग्रॅबच्या जबड्यात अडकेल. नमुना वाया जातो, सगळे वैतागतात. पण फेकण्याआधी तो उलटून बघ. चिखलात ज्यांना पाय रोवता येत नाहीत, ते बार्नकल, ब्रायोझोआ असे चिकटून राहणारे जीव असल्या दगडांवर घर करतात.

नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये त्याचं आम्ल मारणारं बोरॅक्स विसरू नकोस. मी एकदा विसरलो होतो. काही महिन्यांनी बाटली उघडली तर शिंपल्यांचं कवच विरघळून नुसते लिबलिबीत गोळे. ओळखणार काय, कपाळ!

जाण्याआधी 'इंडआर्क'च्या, म्हणजे पाण्यात नांगरून ठेवलेल्या मोजमाप-यंत्रांच्या संचाच्या, नोंदी वाच. २०१४ मध्ये आपल्या लोकांनी तो याच फियॉर्डमध्ये, सुमारे १९० मीटर खोल पाण्यात बसवला. अटलांटिकचं कोमट पाणी आत कधी शिरतं, हे ठाऊक असल्याशिवाय तोंडाजवळच्या नमुन्यांचा अर्थ लागायचा नाही.

ग्रॅब रिकामा आला तरी नोंद कर. लेबल बाटलीच्या आत, पेन्सिलनेच. आणि परतलीस की आतल्या टोकाचा एक नमुना माझ्यासाठी मायक्रोस्कोपखाली लावून ठेव. दोना पावलाला बसने येईन.

तुझे सर